जुलैतलं एक मिनिट

ओदील बेर्नेच्या पायाला भिंगरी होती, आणि काम असं की दिवसाचे आठ तास स्टुलावरून हलायचं नाही. हे दोन्ही एका बाईत कसं मावलं, ते आमच्या खोऱ्यात कुणाला उमगलं नाही. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत तिने सात घरं बदलली. सगळी ले सेंतिए आणि ले ब्रासू या दोन गावांच्या मधली, एकाच बसमार्गावरची. तिचा नवरा आर्मां पोस्टाची पिवळी बस चालवायचा. तो म्हणायचा, "संध्याकाळी बस लावली की मी आधी फोन करतो, आज आपण कुठे राहतो गं?"

तिचा बाप स्प्रूसच्या झाडाची साल सोलून तिच्या पट्ट्या काढायचा, चीजच्या चकत्यांना गुंडाळायला. त्याच्याबरोबर ती सात वर्षांची असल्यापासून रानात जायची. ओली साल कुठे जाड आहे, कुठे पातळ, हे बोटांना आपोआप कळतं, असं ती सांगायची. सतराव्या वर्षी ती घड्याळांच्या कारखान्यात लागली आणि कानस चालवायला शिकली. सत्याहत्तर साली बॅटरीच्या घड्याळांनी आमचं कंबरडं मोडलं, निम्मं खोरं घरी बसलं. ओदील पाच वर्षं चीजच्या तळघरात मिठाच्या पाण्याने चकत्या पुसत होती. मी माझ्या बहिणीच्या खानावळीत बटाटे सोलत होते. मग मस्यू लुग्रांनी जुन्या शाळेच्या इमारतीत आपली कार्यशाळा काढली आणि आम्हाला दोघींना बोलावलं. एकंदर अकरा माणसं. ओदील सुटे भाग घासायची, मी जुळणी करायची. आमची बाकं एकमेकांना जोडलेली होती, मी तिच्या डाव्या हाताला.

ती कामात असली की निश्चल. डोळ्याला भिंग, हातात कानस, श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. पण भिंग काढलं रे काढलं की उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, स्टूल सरकवायची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायच्या आत ती तळ्यापर्यंत चालून आलेली असायची.

अठ्ठ्याऐंशी साली लुग्रांना एक मोठं काम मिळालं. मनगटावरचंच घड्याळ, पण चारशे बारा भागांचं. समोरच्या तबकडीवर वेळ, तारीख, महिना. मागच्या बाजूला निळ्या काचेवर तारे, गिऱ्हाइकाच्या गावावरून त्या घटकेला दिसतील तसे सरकणारे. शिवाय चंद्राच्या कला आणि त्या गावाचा सूर्योदय-सूर्यास्त. आणि समोर आणखी एक काटा होता, टोकाला सोन्याचा इवलासा सूर्य असलेला. घड्याळाच्या बारा वाजण्यात आणि सूर्य खरोखर डोक्यावर येण्यात किती फरक आहे, ते तो काटा दाखवायचा. सूर्य काही घड्याळाच्या शिस्तीत चालत नाही. नोव्हेंबराच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे. वर्षातले चारच दिवस दोघांचं जमतं.

हे सगळं गणित एका पोलादी चकतीच्या कडेत असतं. चकती वर्षातून एकदा फिरते. तिच्या कडेवर एक बारीक बोट टेकलेलं असतं, ते कडेच्या चढउताराबरोबर वरखाली होतं आणि काटा हलवतं. चकतीचा आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, म्हणून आम्ही तिला घेवडाच म्हणायचो. तो घेवडा ओदीलने घासला. त्याला सात आठवडे लागले. सगळं घड्याळ व्हायला दोन वर्षं लागली.

नव्वदच्या ऑक्टोबरात ते गेलं. लुग्रांनी त्या दिवशी सगळ्यांना पांढरी वाइन पाजली.

फेब्रुवारीत दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तसंच घड्याळ करायचं ठरलं. ओदीलने मूळ छापील तक्ता समोर घेतला, वर्षाच्या दर पाच दिवसांची एक ओळ, अशा त्र्याहत्तर ओळी. शेजारी तिने आपलं जुनं कार्ड ठेवलं, पहिल्या घेवड्याच्या वेळी त्याच तक्त्यावरून हाताने उतरवलेलं. दुपारी केव्हातरी तिची कानस थांबली. मी मान वर करून पाहिलं, तर ती भिंग न काढताच त्या कार्डाकडे बघत होती.

"रेने," ती म्हणाली, "इकडे ये. हे वाच."

मी वाचलं. तक्त्यात जुलैच्या शेवटच्या तीन ओळी सहा मिनिटं आणि वर काही सेकंद अशा होत्या. कार्डावर तिन्ही ठिकाणी सहाच्या जागी तिच्या अक्षरात सात लिहिलेलं होतं.

"म्हणजे जुलैच्या शेवटी तो काटा एक मिनिट जास्त मागे जाणार," मी म्हटलं. "एकच मिनिट, ओदील."

"घासताना मला बोटांना तिथे खाच जास्त वाटली होती," ती म्हणाली. "मी हात थांबवला, कार्ड पाहिलं, आणि परत घासायला लागले. हात सांगत होता आणि मी कागदाचं ऐकलं."

त्या दिवशी, म्हणजे कार्ड उतरवलं त्या दिवशी, काय झालं होतं, हे तिने पुढे आठवडाभर आठवून पाहिलं. कुणी आजारी नव्हतं, घरात भांडण नव्हतं, बाहेर ऊन होतं. काही कारणच सापडेना, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुग्रांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"मादाम बेर्ने, आपण त्या घड्याळाची सहा दिवसांची तपासणी केली," लुग्रां म्हणाले. "घड्याळ आणि सूर्य जुळतात ते चार दिवस आणि दोन टोकांचे. सहाही बिनचूक. दाखल्यावर माझी सही आहे."

"सहा दिवसांत जुलै नाही."

"जुलैत ते गृहस्थ समुद्रावर पाय पसरून पडलेले असतील. तेव्हा सूर्य किती मागे आहे हे बघतंय कोण?"

"मी बघतेय."

लुग्रां काही वाईट माणूस नव्हते.  ते म्हणाले, "हे बघा. आपलं हे पहिलं घड्याळ. ते परत मागवलं तर महिन्याभरात जिनिव्हापर्यंत बोंब होईल की लुग्रांच्या घड्याळात सूर्य चुकतो. अकरा घरं चालतात इथे. तुम्ही नवा घेवडा नीट घासा आणि जुना विसरा."

ती बाहेर आली आणि कामाला बसली. तेव्हापासून तिचा पाय सुरू झाला. बाकाखाली उजवी टाच हलायची, थांबायची, पुन्हा हलायची. बाकं जोडलेली, त्यामुळे माझ्या चिमट्यातला स्क्रू उडायचा. एका आठवड्यात माझे चार स्क्रू हरवले. केसाएवढे स्क्रू, फरशीवर गुडघे टेकून शोधायचे.

"पाय आवर गं बाई," मी म्हणायचे.

"हलत होता का?" ती विचारायची. तिला ठाऊकच नसायचं.

तिचं जेवण कमी झालं. डबा उघडायची, दोन घास खायची, झाकण लावायची. सुट्टीत ती तळ्याकडे जायचीही बंद झाली, आणि ते पाहून मात्र मला काळजी वाटली. सुट्टीत आणि संध्याकाळी सगळे गेल्यावरही ती बाकापाशीच बसून टाकाऊ पोलादाच्या तुकड्यावर काहीतरी घासत असायची. मी विचारलं नाही. सातव्या आठवड्यात तिने तंबाखूची एक चपटी डबी माझ्यासमोर ठेवली. आत कापसावर नवा घेवडा होता. पहिल्याच्या मापाचा, जुलै सुधारलेला.

"तू त्या घड्याळाचं मागचं झाकण लावलंस," ती म्हणाली. "आतल्या बाजूला नाव कोरलेलं होतं ना?"

"ओदील, ते उघडायचा आपल्याला हक्क नाही."

"नाव सांग."

मला ते पाठ होतं. एमील शोबिंगर, सांक्ट गालेन. टेलिफोनच्या वहीत त्या नावाचा एकच माणूस निघाला, निवृत्त भरतकाम-कारखानदार. मी का सांगितलं, असं नंतर लुग्रांनी मला विचारलं. खरं उत्तर हेच की मला माझं बाक स्थिर हवं होतं. आणि दुसरं म्हणजे, ते घड्याळ माझंही होतं.

तिने पोस्टातून फोन केला. पलीकडून म्हाताऱ्या आवाजात, जर्मन वळणाच्या फ्रेंचमध्ये प्रश्न आला, "कुठलं घड्याळ?" ओदील रिसीव्हरकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आम्ही शनिवारी येतो."

तेरा एप्रिलला पहिल्या बसने निघालो. आर्मांचीच बस होती. तो आरशातून म्हणाला, "दोघी मिळून दरोडा घालायला चाललाय असं दिसतंय." ओदील हसली नाही. लोझान, मग झुरिक, मग पुढची गाडी. सगळ्या वाटेत ती गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होती. तिकीट तपासणारा दोनदा तिला वेगवेगळ्या डब्यांत भेटला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "मादाम, गाडी आधीच चाललीय, तुम्ही चालायची गरज नाही." मी ब्रेड आणि सॉसेज काढलं. मीच खाल्लं.

शोबिंगर एक्याऐंशी वर्षांचे होते. उंच, वाकलेले, घरातही टाय लावलेला. भिंतींवर चौकटीत बसवलेले भरतकामाचे नमुने. त्यांनी कॉफी आणि मधाचे केक पुढे केले. ओदीलने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. कार्ड, सहाचे सात, बोटांना लागलेली खाच. काहीही झाकलं नाही.

म्हातारबुवांनी शांतपणे ऐकलं. मग उठून कपाटाचा खण ओढला, जेवणाच्या रुमालांच्या खालून डबी काढली आणि टेबलावर ठेवली. घड्याळ बंद होतं. तारखेवर एकोणीस नोव्हेंबर.

"मी थंडीतापाने आठ दिवस पडून होतो," ते म्हणाले. "चावी द्यायची राहिली. उठलो तर हे असं. मग चालू करायला गेलो, पण तारीख, चंद्र, तारे, कुठलं आधी लावायचं काही कळेना. पुस्तिका वाचली, आणखीच गोंधळलो. तुमच्याकडे पाठवायची लाज वाटली. एवढं घड्याळ मागवलं आणि म्हाताऱ्याला महिनाभर सांभाळता आलं नाही, असं म्हणाल."

 मला वाटलं, सुटलो. चालतच नव्हतं तर चुकणार कुठून? मी ओदीलकडे पाहिलं.

"बंद असलं तरी आत ते चुकीचंच आहे," ती म्हणाली.

शोबिंगर तिच्याकडे वळले. "आमच्या कारखान्यात एक बाई होती," ते म्हणाले. "पडद्याच्या दुमडीत जाणारा टाकासुद्धा उसवायला लावायची. मी तिला घाबरायचो." मग त्यांनी टेबलावरचे केक उचलले. "कुठे बसता? खिडकीशी उजेड बरा आहे."

उघडायचं काम माझं. आधी झाकणावरचं लुग्रांचं सील, मग झाकण, काटे, तबकडी, तिच्याखालची चाकं. स्वतः लावलेलं स्वतःच उकलताना मी प्रत्येक स्क्रू दोनदा मोजून बशीत ठेवत होते. ओदीलला तोपर्यंत काही काम नव्हतं. ती टेबलाभोवती फिरायला लागली. टेबलाकडून खिडकी, खिडकीकडून भिंतीवरचे नमुने, पुन्हा टेबल.

"मादाम," शोबिंगर खुर्चीतून म्हणाले, "गालिचा माझ्या आजोबांच्या वेळचा आहे. इतक्या वर्षांत झिजला नाही तेवढा आज झिजतोय."

"माफ करा," ती म्हणाली आणि गालिच्याच्या कडेच्या लाकडावरून फिरायला लागली.

दोन वाजता जुना घेवडा बाहेर आला. तिने तो चिमट्यात धरून उजेडात पाहिला, त्या जागी नखाच्या कडेने स्पर्श केला आणि मान हलवली. मग डबीतून नवा काढला. आता ती बसली, भिंग लावलं आणि पुतळ्यासारखी स्थिर झाली. त्या अर्ध्या तासात मला वाटतं आम्ही तिघंही जपून श्वास घेत होतो. चकती बसली. कॅलेंडरची चाकं जोडायच्या आधी मी चकती हाताने हळूहळू फिरवली. फेब्रुवारी, मे, आणि जुलैवर आणली. बोट कडेवरून सरकलं. तात्पुरता लावलेला काटा साडेसहा मिनिटांवर थांबला.

"पुन्हा," ती म्हणाली.

मी पुन्हा फिरवलं. असं पाच वेळा केलं.

सगळं परत जोडून होईपर्यंत पाच वाजले. आता तारीख पुढे आणायची होती. कडेला एक बारीक खटका असतो, एकदा दाबला की एक दिवस पुढे. एकोणीस नोव्हेंबरपासून तेरा एप्रिलपर्यंत एकशे पंचेचाळीस वेळा. ते काम शोबिंगरनी मागून घेतलं. चष्मा लावून, त्यांच्या बोलीत मोठ्याने मोजत त्यांनी ते केलं. मधे दारावरची घंटा वाजली तर त्यांनी शेजारणीला खिडकीतूनच ओरडून सांगितलं की मी जानेवारीत आहे, नंतर या. मग मी त्यांना क्रम शिकवला. आधी तारीख, मग चंद्र, मग तारे, शेवटी वेळ. तीनदा त्यांच्याकडून करून घेतला. सूर्याचा काटा जवळजवळ मधोमध उभा होता. घड्याळ आणि सूर्य जुळतात त्या चार दिवसांपैकी एप्रिलमधला आता दोनच दिवसांवर आला होता.

परतीच्या गाडीत ओदील झुरिकपर्यंत झोपली. जागी झाली आणि म्हणाली, "जुना घेवडा कुठाय?"

"तुझ्याच डबीत."

तिने खिसा चाचपला आणि उठून फिरायला लागली.

पुढचे तीन महिने बरे गेले. तिचा पाय थांबला होता, निदान माझे स्क्रू तरी जागेवर राहिले. जुलैच्या मध्याला कार्यशाळा सुट्टीसाठी बंद झाली. ऑगस्टमध्ये उघडली, तेव्हा साठलेल्या टपालात सांक्ट गालेनचं एक जाड पाकीट होतं. वर लिहिलेलं, मादाम बेर्ने आणि त्यांची मैत्रीण. ते फोडलं लुग्रांनी.

त्यांनी आम्हाला आत बोलावलं. टेबलावर चौकटी आखलेला कागद होता. शोबिंगरनी गच्चीत ओळंबा टांगला होता, फरशीवर खडूने उत्तर-दक्षिण रेघ मारली होती, आणि पंधरा ते एकतीस जुलै रोज सावली रेघेवर पडायच्या घटकेला वेळ लिहिली होती. दोन दिवस पावसाचे, तिथे रेघ. बाकीच्या प्रत्येक दिवशी सूर्याच्या काट्याशी पडताळून बाजूला बरोबरची खूण. खाली लिहिलेलं: मादाम, रोज दुपारी गच्चीचा जिना चढल्यामुळे माझे गुडघे सुधारले. घड्याळ बरोबर आहे.

"घड्याळाचं सील कुणी तोडलं?" लुग्रांनी विचारलं.

"मी," ओदील म्हणाली.

"घड्याळ उघडलं मी," मी म्हटलं.

लुग्रांनी कपाळ चोळलं. "मादाम बेर्ने, तुम्ही मला विचारलं होतंत. मी नाही म्हटलं होतं. उद्या इथला प्रत्येक जण आपापल्या मनाने गिऱ्हाइकाच्या घरी जायला लागला तर?"

"जाऊ दे की, चूक असेल तर," ती म्हणाली.

तिला काढलं. मला ठेवलं, कारण जुळणी करणारी दुसरी कुणी नव्हती. हे लुग्रांनी मला तोंडावर सांगितलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. उठून तिच्याबरोबर जायला हवं होतं असं मला आजही वाटतं. ती आपल्या कानशी एका पिशवीत भरून गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आता तुझं बाक हलणार नाही."

सतरा महिने लुग्रांनी तिची जागा भरायचा प्रयत्न केला. तीन माणसं आली. तिघांचे घेवडे मी तपासले, तिन्ही परत पाठवले. शेवटी त्र्याण्णवच्या आरंभी लुग्रां स्वतः गाडी काढून तिच्या घरी गेले. त्या वेळी ती नवव्या घरात होती, आणि ते आधी आठव्या घरी जाऊन आले. परत ये, असं ते म्हणाले. ती म्हणाली, घरी बसून घासेन, आणि तपासणी सहा दिवसांची नाही, त्र्याहत्तर ओळींची. त्यांनी ते लेखी दिलं. पुढची आठ वर्षं लुग्रांच्या कार्यशाळेतून गेलेला प्रत्येक घेवडा ओदीलच्या स्वयंपाकघरात झाला. मी दर शुक्रवारी तिच्याकडे जाऊन घेऊन यायचे. ती उभ्यानेच चहा प्यायची.

शोबिंगर सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात गेले. वसंतात त्यांचा पुतण्या ते घड्याळ साफ करायला घेऊन आला. तबकडी काढायच्या आदल्या दिवशी मी ओदीलला कळवलं. ती सकाळी साडेसातला दारात हजर, बूट चिखलाने माखलेले, कारण बसची वाट न पाहता चालतच आली होती. लुग्रांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"जुलै दाखवू?" मी विचारलं.

"जुलै नको," ती म्हणाली. "मे. मेमधला चढ मला दोन वर्षं झोपू देत नाहीये."

मी चकती मेवर आणली. लुग्रां तक्ता घेऊन शेजारी उभे राहिले आणि एकेक ओळ वाचत गेले. मेच्या सगळ्या ओळी बरोबर होत्या. ओदीलने भिंग लावून स्वतः पाहिलं, मग आणखी एकदा पाहिलं. मग भिंग काढून माझ्या हातात दिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. ती खिडकीशी गेली आणि परत आली. "ऑगस्टही बघून घेतेस का?"

मी ऑगस्ट लावला.